आर्नोकाठची छत्री : फ्लॉरेन्समधल्या दोन दिवसांसाठी एक टिपण

युरोपच्या सहलींची जी पत्रके आज मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या घराघरांत येऊन पडतात, त्यांत फ्लॉरेन्सच्या वाट्याला सहसा अर्धाच दिवस आलेला असतो. टेकडीवरून नगराचे दर्शन, कॅथीड्रलपुढे छायाचित्रे, सिन्योरिया चौक, थोडी चामड्याच्या वस्तूंची खरेदी, आणि मग बस पिसाच्या कलत्या मनोऱ्याकडे वळते. उपनगरांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही काही जण एका लांबच्या प्रवासाला जोडून या नगरासाठी एक शनिवार आणि एक रविवार राखून ठेवण्याच्या बेतात आहोत. काय पाहायचे याची यादी करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की मराठी माणसाच्या इतिहासाशी थेट संबंध असलेले एक स्थळ या नगरात आहे आणि आमच्यापुढच्या एकाही पत्रकात त्याचा उल्लेख नाही. प्रस्तुत लेख त्या स्थळाविषयी आहे. आणि ओघाने, आपण कोणाचा प्रवास लक्षात ठेवतो आणि कोणाचा विसरतो, याविषयीही.

प्रारंभीच एक आक्षेप दूर केलेला बरा. दोन दिवसांत एखादे नगर काय कळणार, असे म्हणून धावत्या भेटीला नाके मुरडण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु आमच्या बोरिवलीच्या इतिहासातच या आक्षेपाला उत्तर सापडते. १६९५ साली जोवान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी नावाचा दक्षिण इटलीतला एक वकील जगप्रदक्षिणा करीत वसईला पोचला. साष्टी बेट तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. वसईच्या मुक्कामात वेळ काढून त्याने कान्हेरीची लेणी पाहिली आणि पुढे नेपल्सहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांचे सविस्तर वर्णन केले. कान्हेरीविषयीच्या जुन्या युरोपीय लेखनात त्या वर्णनाला आजही स्थान आहे. कारेरी इथे राहिला नाही, त्याला इथली भाषा येत नव्हती, लेणी कोणी खोदली याचीही त्याला नीट कल्पना नव्हती. तरीही तो पाहत होता, मोजत होता, लिहीत होता. भेट किती दिवसांची, यापेक्षा पाहणाऱ्याने सोबत कोणता प्रश्न नेला होता, हे अधिक महत्त्वाचे. फ्लॉरेन्सला जाताना मराठी माणसाजवळ असा स्वतःचा एक प्रश्न असू शकतो. त्याचे नाव राजाराम छत्रपती.

हे नाव उच्चारले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे येतात ते शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, जिंजीचे राजाराम महाराज. इथे अभिप्रेत आहेत ते कोल्हापूरचे दुसरे राजाराम. त्यांचा जन्म १८५० सालचा, पाटणकर घराण्यातला. मूळ नाव नागोजीराव. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी उर्फ बाबासाहेब महाराज १८६६ मध्ये निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. त्यांनी या आपल्या भाच्याला दत्तक घेतले होते, आणि वयाच्या सोळाव्या वर्षी तो करवीरच्या गादीवर बसला. राज्यकारभाराची सूत्रे अर्थात इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या हाती होती. या मुलाला इंग्रजी शिक्षण देण्यात आले, आणि ते त्याने मनापासून घेतले असे दिसते. १८७० च्या उन्हाळ्यात, विसाव्या वर्षी, तो इंग्लंडला निघाला. सत्तेवर असताना युरोपला गेलेल्या पहिल्या काही हिंदू राजांपैकी तो एक होय. समुद्र ओलांडणे हे ज्या काळी धर्मबाह्य मानले जाई, त्या काळची ही गोष्ट आहे. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. आणि खुद्द कोल्हापूरला आगगाडी पोचायला १८९१ साल उजाडायचे होते. एवढ्यावरून या धाडसाची कल्पना यावी.

सोबत पोलिटिकल एजंटचे साहाय्यक कॅप्टन एडवर्ड वेस्ट होते, आणि राजाचा आपला परिवारही होता. लंडनमध्ये राजाने व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, नाटके पाहिली, संस्था पाहिल्या. पुढे युरोप खंडातून परतीचा प्रवास सुरू झाला. ऑस्ट्रियातून आल्प्स ओलांडून मंडळी इटलीत उतरली ती १८७० च्या नोव्हेंबरात. वाटेतच राजाची प्रकृती बिघडली होती. फ्लॉरेन्सला ती अधिकच ढासळली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या एका हॉटेलात राजाराम महाराजांचे निधन झाले.

हे फ्लॉरेन्स तेव्हा नुसते कलानगर नव्हते. १८६५ पासून ते नव्या इटलीच्या राज्याची राजधानी होते. राजाराम तिथे पोचण्याच्या दोनच महिने आधी, २० सप्टेंबर १८७० रोजी, इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते आणि इटलीच्या एकीकरणाचे दीर्घ कार्य तडीस गेले होते. पुढल्याच वर्षी राजधानी रोमला हलली. म्हणजे ज्या गादीला स्वराज्याच्या संस्थापकाचा वारसा आहे, त्या गादीचा, एजंटाच्या देखरेखीखालचा, विसाव्या वर्षातला राजा नुकत्याच एकसंध झालेल्या एका राष्ट्राच्या राजधानीत शेवटचे दिवस मोजत होता. योगायोगातून अर्थ काढू नये हे खरे. पण मराठी मनात इटलीला पुढे जे स्थान मिळाले ते आठवले, की हा योगायोग डोळ्यांआड करवत नाही. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे महाराष्ट्रातल्या राजकीय विचारात रुजली. सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, आणि तो १९०७ साली प्रसिद्ध होताच इंग्रज सरकारची त्याच्यावर वक्रदृष्टी वळली. मराठी वाचकाला इटली भेटली ती अशी, पुस्तकातून. प्रत्यक्ष इटलीच्या भूमीत ज्या मराठी राजाचा देह पडला, तो या कथेत कुठेच नाही.

अंत्यसंस्काराचा प्रश्न बिकट होता. इटलीत तेव्हा दहनाला मान्यता नव्हती. कॅथलिक समाजाला ती कल्पनाही सहन होणारी नव्हती. साहित्याच्या अभ्यासकांना इथे शेलीची आठवण होईल. १८२२ साली समुद्रात बुडालेल्या या कवीचे प्रेत व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर जाळण्यात आले होते, पण ते रोगप्रतिबंधक नियमांमुळे, धर्मविधी म्हणून नव्हे. राजारामांसोबतच्या मंडळींना हवा होता तो विधिपूर्वक अग्निसंस्कार, आणि तोही नदीकाठी. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने खास परवानगी दिली. नगराच्या पश्चिमेला काशिने नावाचे विस्तीर्ण उपवन आहे. त्याच्या अगदी टोकाला मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. तिथे, नगरापासून दूर, रात्रीच्या वेळी चिता रचली गेली. पंचगंगेकाठच्या माणसांनी परक्या मुलुखात संगम शोधून काढला, ही गोष्ट आम्हांला या साऱ्या हकीकतीत सर्वांत हृद्य वाटते. कोल्हापूरजवळ चिखलीला पंचगंगेचा जो प्रयाग-संगम आहे, त्याचे काही तरी सादृश्य त्यांना त्या दोन अनोळखी नद्यांत दिसले असले पाहिजे. थंडीच्या त्या रात्रीही हा अपूर्व प्रकार पाहायला नगरातले लोक जमले. इटलीतले पहिले आधुनिक, कायदेशीर दहन त्यानंतर पाच वर्षांनी, जानेवारी १८७६ मध्ये, मिलानला झाले. म्हणूनच युरोपातल्या दहनाच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे आर्नोकाठच्या या चितेचा आवर्जून उल्लेख करतात.

१८७४ साली त्या जागी स्मारक उभे राहिले. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे शिल्पकारही तेच. आतला अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज मूर्तिकाराने घडवला. पागोटे आणि अलंकार ल्यालेला तरुण राजा, वर भारतीय धाटणीचे छत, खाली चौथऱ्यावर कोरलेले लेख, त्यांत इंग्रजी आणि इटालियनबरोबर भारतीय लिपीही. इंग्रजी पुस्तकांत याला नुसते स्मारक म्हणतात. मराठीत मात्र याला नेमका शब्द आहे : छत्री. दहनाच्या जागी छत्री उभारण्याची आपली जुनी परंपरा आहे, आणि तिच्यात ही वास्तू अचूक बसते. आर्नोच्या काठी एका छत्रपतींची छत्री उभी आहे, हे वाक्य मराठीतच पूर्णपणे कळते.

फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या जागेला स्वतःचे नाव दिले. ते तिला नुसते ‘इंदियानो’ म्हणतात, म्हणजे हिंदी माणूस. १९७० च्या दशकात तिथून जवळच आर्नोवर एक आधुनिक, तारांनी तोललेला पूल बांधला गेला. तोही ‘इंदियानोचा पूल’ या नावानेच ओळखला जातो. रोज हजारो मोटारी त्या पुलावरून जातात आणि रस्त्यांच्या पाट्यांवर तो शब्द झळकतो. असा बहुमान परदेशात फार थोड्या भारतीयांच्या वाट्याला आला असेल. पण या बहुमानातून मूळ नाव गळून पडले आहे.

कोल्हापुरात नेमके याच्या उलट घडले. तिथे नाव आहे. १८८० साली स्थापन झालेले राजाराम कॉलेज याच राजाच्या नावाचे. मराठीच्या अभ्यासकांना ते वेगळ्याच कारणाने परिचित असते : ना. सी. फडके आणि माधव ज्यूलियन या दोघांनी तिथे अध्यापन केले. फडक्यांच्या कादंबऱ्यांवर आणि माधवरावांच्या काव्यावर आपण तासचे तास बोलतो आणि त्यांच्या चरित्रात ‘राजाराम कॉलेज, कोल्हापूर’ असे लिहून पुढे जातो. ते राजाराम कोण, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तिकडे माणूस उरला आहे, नाव नाही. इकडे नाव उरले आहे, माणूस नाही. दोन नगरांनी मिळून एकाच व्यक्तीची स्मृती अर्धी अर्धी वाटून घेतली आहे, आणि ते अर्धे तुकडे एकमेकांना भेटत नाहीत.

हे तुकडे जुळवण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जो विसाव्या वर्षी गेला, ज्याच्या हाती खरी सत्ता कधी आलीच नाही, त्याच्यासाठी एवढे शब्द कशाला? याचे उत्तर पुढच्या घटनाक्रमात आहे. राजारामांना पुत्र नव्हता. त्यामुळे १८७१ मध्ये पुन्हा दत्तक घ्यावा लागला. तेच चौथे शिवाजी. या बालराजाला वेड लागले आहे, असे सरकारने ठरवले. त्याचा छळ होत आहे आणि त्याच्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी केला. ज्या पत्रांच्या आधारे तो केला होता, ती बनावट निघाली. बर्व्यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी लिहिलेले छोटेखानी पुस्तक मराठी गद्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. पुढे, डिसेंबर १८८३ मध्ये, तो दुर्दैवी राजा अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावला. १८८४ मध्ये तिसरे दत्तविधान झाले आणि कागलच्या घाटगे घराण्यातला एक दहा वर्षांचा मुलगा गादीवर आला. तेच राजर्षी शाहू.

अमुक घडले नसते तर तमुक झाले नसते, हा इतिहासाचा विषय नव्हे, आणि फ्लॉरेन्सच्या एका आजारपणातून महाराष्ट्राचे समाजकारण जन्मले असे आम्ही म्हणणार नाही. इतकेच म्हणू, की आगरकरांच्या तुरुंगवासापासून शाहूंच्या सुधारणांपर्यंत जी साखळी आपण वर्गात दुवा दुवा करून समजावून देतो, तिचा एक दुवा आर्नोच्या काठी आहे. शाहू महाराज स्वतः १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध आदेश २६ जुलै १९०२ चा, म्हणजे त्याच दौऱ्यातला. तेव्हा युरोपचा प्रवास कोल्हापूरच्या इतिहासात दोनदा निर्णायक ठरला आहे. दुसरा आपल्याला पाठ आहे, पहिला नाही.

आता खास आपल्या विषयाचा, म्हणजे साहित्याचा प्रश्न. राजाराम महाराज प्रवासात दैनंदिनी लिहीत होते. वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ साली लंडनहून प्रसिद्ध केली. दैनंदिनी इंग्रजीत आहे. नोंदी बव्हंशी साध्या आहेत : कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय पाहिले. आजारपणाची आणि अखेरची हकीकत अर्थातच संपादकाच्या शब्दांत. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून सुरुवात करतो. राजारामांची दैनंदिनी त्या इतिहासात येत नाही, कारण तिची भाषा मराठी नाही. हा नियम वरकरणी निर्विवाद आहे. तरीही आम्हांला त्याची फेरतपासणी करावीशी वाटते.

एक तर, दोन्ही ग्रंथ आपल्यापर्यंत पोचले ते संपादकाच्या हातातून. गोडसे भटजींचे लेखन १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी बरेच फेरफार करून छापले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ मध्ये आली, तेव्हा कुठे भटजींचा अस्सल आवाज ऐकू आला. संपादकाने काय गाळले, काय सोवळे केले, हे प्रश्न आपण गोडशांच्या बाबतीत विचारायला शिकलो. तेच प्रश्न राजारामांच्या दैनंदिनीला विचारता येतात, आणि तिथे ते अधिक टोकदार होतात. कारण तिथला संपादक हा राजाचा रखवालदारही आहे आणि वाचक लंडनचा आहे. नुकतीच शिकलेली परकी भाषा, शेजारी बसलेला एजंट आणि आपण राजे आहोत ही जाणीव, यांच्या कात्रीत सापडलेला विशीतला मुलगा काय लिहील आणि काय लिहिणार नाही? त्या कोरड्या नोंदींतल्या मौनाकडे पाहण्याची तयारी ठेवली, तर मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेला हा प्रारंभीचा ग्रंथ आपल्या वर्गात फार उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकातला सुशिक्षित मराठी माणूस दोन भाषांत जगत होता. त्याच्या एकाच भाषेतल्या कागदांना आपण आपले म्हणायचे आणि दुसऱ्या भाषेतले दुसऱ्यांच्या कपाटात सोडून द्यायचे, हे कितपत न्याय्य आहे?

नाव गळून पडण्याची ही गोष्ट केवळ जुनी नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन सोहळ्यात प्राडा या विख्यात इटालियन घराने ज्या चपला रंगमंचावर आणल्या, त्या कोल्हापुरी चपलेच्या हुबेहूब होत्या. पण कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातून निषेध झाला, तेव्हा त्या कंपनीने मूळ भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. दीडशे वर्षांच्या अंतराने कोल्हापूर पुन्हा एकदा इटलीत पोचले, आणि पुन्हा एकदा बिननावाने. फरक एवढाच, की या वेळी नाव मागणारे लोक होते. मागितल्यावर ते मिळालेही. यातून घेण्यासारखा बोध साधा आहे : आपले नाव दुसऱ्यांनी जपावे ही अपेक्षा ठेवण्यापूर्वी ते आपण उच्चारावे लागते.

तर दोन दिवसांचा बेत असा. मुंबईहून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही, तेव्हा केवळ शनिवार-रविवारसाठी इथून जाणे व्यवहार्य नव्हे. रोम किंवा मिलानला जाणे झालेच, तर तिथून आगगाडीने हे दोन दिवस सहज साधतात. शनिवार नगराच्या मध्यभागासाठी. ब्रुनेलेस्कीचा, १४३६ साली पूर्ण झालेला कॅथीड्रलचा घुमट. उफ्फीत्सी संग्रहालय, ज्याची तिकिटे आधीच काढून ठेवलेली बरी. आणि सायंकाळपूर्वी सांता क्रोचे. मायकेलअँजेलो, माकियाव्हेली आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या तिथे आहेत. तिथेच दान्तेचेही थडगे आहे, पण ते रिकामे. नगराने हद्दपार केलेला हा कवी १३२१ साली रावेन्नाला वारला आणि त्याच्या अस्थी रावेन्नाने परत दिल्या नाहीत. आपल्या माणसाला दुसऱ्या गावी मृत्यू यावा आणि मागे रिकामी खूण उरावी, या दुःखाशी फ्लॉरेन्सचा परिचय जुना आहे. दुसऱ्या दिवशीच्या वाटेसाठी ही पूर्वतयारी म्हणायला हरकत नाही.

रविवारी सकाळी ओन्यिस्सांती चौकातून निघावे. तिथल्या चर्चमध्ये बोत्तिचेल्ली चिरविश्रांती घेत आहे, आणि राजारामांचे अखेरचे दिवस गेले ते हॉटेलही याच चौकातले. तिथून आर्नोच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला चालू लागले की काशिने उपवन लागते. उपवन नदीकाठाने काही किलोमीटर लांबवर पसरलेले आहे आणि छत्री त्याच्या अगदी शेवटाला. रमतगमत दीडएक तास धरावा. ज्यांना एवढे चालवत नाही, त्यांनी काही अंतर ट्रामने जावे. वाटेत विचारावे लागले तर राजारामांचे नाव घेऊन उपयोग नाही; ‘इंदियानो’ म्हटले की कोणीही बोट दाखवील. तिथे पोचल्यावर मात्र बरोबरच्यांना पूर्ण नाव सांगावे, साल सांगावे, आणि तो कोल्हापूरचा होता हेही सांगावे.

सोबत दोन पुस्तके ठेवावीत : वेस्ट यांनी संपादित केलेली दैनंदिनी आणि आगरकरांचे डोंगरीच्या दिवसांवरचे पुस्तक. दोहोंमध्ये दहाच वर्षांचे अंतर आहे. पहिले एका राजाने परक्या भाषेत, पहाऱ्यात राहून लिहिले. दुसरे त्याच राजाच्या वारसापायी तुरुंगात गेलेल्या एका संपादकाने मराठीत, निर्भयपणे लिहिले. ती एकापाठोपाठ एक वाचली, तर मराठी गद्य त्या दहा वर्षांत कुठून कुठे पोचले होते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट होईल. फ्लॉरेन्सला जाणे ज्यांना शक्य नाही, अशा आमच्या विद्यार्थ्यांनी निदान हा दुसरा प्रवास करावा. त्याला ना व्हिसा लागतो, ना रजा.